पत्र्याआडची वाट

वसाहतीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. माप घेताना, कापड बेतताना, अगदी कुणाशी भांडतानासुद्धा तिच्या ओठांत दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या आणि त्यांच्या फटीतून ती बोलायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईचे दात दुखत असावेत. जुन्यांना तिचं बोलणं नीट कळायचं. टाचण्या काढून ती बोलायला लागली, तर मामला गंभीर आहे, हेही त्यांना कळायचं.

नवरा अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तेव्हापासून दोघीच राहत होत्या, टाचणीबाई आणि तिची सासू. बाहेरच्या खोलीत शिलाई, आतल्या खोलीत संसार. लग्न होऊन आली तेव्हा या सुनेला धड बटण लावता येत नव्हतं. सासूने तिला मशीनसमोर बसवलं, चुकलेली शिवण पुन्हा पुन्हा उसवायला लावली, रडवलं आणि शिकवलं. टाचणीबाईला स्वतःची आई आठवतसुद्धा नव्हती, इतक्या लहानपणी ती गेलेली. मुलगा गेल्यावर सासू एकदा म्हणाली, "तू माहेरी जा पोरी, तुझं वय आहे." ही म्हणाली, "कसलं माहेर? मी आहे तिथेच आहे." तो विषय तिथेच मिटला. भांडणं मात्र रोज व्हायची. काजाचं माप, भाजीतलं मीठ, रेडिओचा आवाज, निमित्त कुठलंही चालायचं. एखाद्या दिवशी दोघींचा आवाज आला नाही, तर शेजारीण डोकावून विचारायची, "बरं नाही का कुणाला?"

सासूचा दुपारचा एक नेम होता. जेवण झालं, जरा पाठ टेकून झाली की ती मागच्या इमारतीतल्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जायची. या मैत्रिणीला सगळे लबाड मावशी म्हणत, आणि ती स्वतःही म्हणायची. कारण ती पत्ते चोरायची, तेही राजरोस, आणि पकडली गेली की चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिने जिना उतरणं सोडलं होतं, म्हणून जायचं काम सासूकडे आलं. ती जायची मागच्या वाटेने. पुढून जायचं तर सगळ्या गाड्यांमधून वळसे घेत जावं लागे, आणि मागून सरळ रेषेत गेलं की समोर मावशीचा जिना.

ही मागची वाट म्हणजे इमारतींची पाठ आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली अरुंद पट्टी. पूर्वी ती भिंत कमरेएवढी होती. पलीकडच्या रस्त्यावर लाँड्रीवाल्याचं दुकान. तो दिवसभर वसाहतीकडे तोंड करून इस्त्री करायचा आणि वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाची खबर ठेवायचा. "काय आजी, काल हरलात की जिंकलात?" हे त्याचं रोजचं. मग मधे दोन स्कूटर चोरीला गेल्या, त्यातली एक सेक्रेटरींची. वसाहतीची बैठक बसली, भिंत वाढवायचं ठरलं आणि वाढवलेल्या भिंतीवर आणखी पत्रे ठोकले गेले. सगळ्यांना हायसं वाटलं. लाँड्रीवाल्याच्या नजरेपुढे तेवढा पत्रा उरला.

यात टाचणीबाईचाही हात होता. नुसता हात नाही, पुढाकार होता. तिच्या बाहेरच्या खोलीची खिडकी त्याच वाटेवर उघडायची आणि बायका त्याच खोलीत कपडे घालून बघायच्या. रस्त्यावरून दिसतं, अशी एक-दोघींनी कुरकुर केली होती. तेव्हा पत्र्याचा विषय निघाल्यावर तिनेच सगळ्यांत मोठ्याने होकार भरला. वर खिडकीला जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवून लावला. आता बायका निर्धास्त होत्या, आणि टाचणीबाई आपल्या पडद्याच्या शिवणीवर खूश होती.

आणि एका दुपारी त्याच वाटेवर सासूला कुणीतरी लुटलं.

भर दुपारची गोष्ट. सासूच्या खांद्याला पिशवी होती, त्यात चष्मा, पत्त्यांचा जोड आणि मावशीच्या गुडघ्याचं मलम. कचऱ्याच्या डब्यांसाठी भिंतीला एक छोटं फाटक होतं, त्याची कडी कधीच लागत नसे. माणूस तिथून आत आला, मागून येऊन पिशवीचा बंद खेचला. सासूने पिशवी सोडली नाही. चोराला काय माहीत आत पत्ते आहेत, आणि सासूला काय माहीत सोडलं तर बरं. तिला फरपटत त्याने बंद तोडला आणि आला तसा गेला. सासू मनगटावर पडली. पडल्या पडल्या तिने हाक मारली, "सूनबाई!"

सूनबाई तिथून चार हातांवर होती. मशीन जोरात चालू होतं, रेडिओ त्याहून जोरात. पडदा ओढलेला. सासूने पुन्हा पुन्हा हाक मारली, मग तिचा आवाज बसला. शेवटी तिला उचललं लाँड्रीवाल्याने. त्याने पहिलीच हाक ऐकली होती, पण पत्र्यापलीकडे काय चाललंय ते त्याला दिसेना, नि फाटकाकडे जावं की पुढच्या दाराकडे हेही समजेना. तो धावत पुढच्या दाराने वळसा घालून आला तोवर सगळं आटोपलं होतं. त्याने खिडकीवर थापा मारल्या तेव्हा टाचणीबाईने मशीन थांबवलं.

मनगटाला प्लास्टर लागलं. ते यथावकाश निघालंही. पण सासूने उंबरठा ओलांडणं सोडलं. दुपार झाली की ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मावशीचा फोन आला तर, "आज नको गं, डोकं जड आहे." रेडिओ बंदच असे. भांडण काढावं म्हणून टाचणीबाईने एकदा मुद्दाम भाजी खारट केली. सासूने निमूट खाल्ली. टाचणीबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग नणंद आली. नणंद स्वभावाने चांगली, पण कामाला घाई फार. आल्या आल्या तिने आईची तब्येत पाहिली, घर पाहिलं, आणि निर्णय दिला.

"वहिनी, आईला मी घेऊन जाते. इथे ती वाळून जाईल."

"ताई, तिकडे तुमच्याकडे त्या कुणाला ओळखतात?"

"इथे ओळखून काय उपयोग झाला? खिडकीखाली पडली होती ती. तुझ्या खिडकीखाली."

टाचणीबाईने खिडकीकडे पाहिलं. ते खरंच होतं. ती म्हणाली, "ताई, मला त्या हव्यात. मला दुसरं कुणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. थोडा वेळ द्या."

नणंद वरमली. तिने वेळ दिला, पण अट घालून दिला. मुलांना सुट्टी लागली की ती पुन्हा येणार. तोवर आई एकटी, कुणाचा हात न धरता, मावशीकडे जाऊन आली तर विषय संपला. नाहीतर बॅग भरायची. सासू पलंगावरून हे ऐकत होती. "ती म्हणते ते बरोबर आहे," एवढंच म्हणाली. कोणती 'ती', हे विचारायचं धाडस दोघींनाही झालं नाही.

तक्रारीच्या चौकशीला बऱ्याच उशिराने आलेला हवालदार पोट सुटलेला, बोलका गृहस्थ होता. त्याने वाटेत उभं राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका बाजूला पत्रे. दुसऱ्या बाजूला बागवाल्या काकांनी वाढवलेली, माणूस बुडेल अशी मेंदीची दाट कुंपणझुडपं. वर मागच्या गॅलऱ्यांत सगळ्यांनी अडगळ रचून प्लास्टिकं बांधलेली. दिव्याचा खांब होता, तोही झुडपांत अर्धा गुडुप झालेला. हवालदार हसून म्हणाला, "बाई, इथे मी वर्दी उतरवून साधे कपडे घातले तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

त्याला ते सहज सुचलं आणि तो विसरूनही गेला. टाचणीबाईला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कपडे बदलायची जागा कशी करायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? एक बाजू बंद करा, दुसरी झाका, वरून काही टाका, आत जायला छोटी फट ठेवा. वसाहतीने चोराला नेमकं तेच बांधून दिलं होतं, आणि तिने स्वतः पडदा शिवून त्यात भर घातली होती. ती तिथेच वाटेवर बसली, जिथे सासू पडली होती तिथे, आणि मान वर करून एक-एक खिडकी बघत राहिली. एकाही खिडकीतून कुणाचं तोंड दिसेना. उठली तेव्हा तिने ठरवलं होतं, जे आपण झाकलं ते उघडायचं, कुणी काहीही म्हणो.

पुढच्या बैठकीत सेक्रेटरींनी नवी योजना मांडली. पत्र्यावर काटेरी तार, भिंतीवर काचा, आणि कॅमेरे. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. स्वतःची स्कूटर गेल्यापासून माणूस रात्री दोनदा उठून गॅलरीत येत असे. "चोर आत येताच कामा नये," ते म्हणाले, "एवढं साधं आहे."

टाचणीबाईने ओठांतल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. ते पाहून दोन-तीन जणी सावरून बसल्या.

"चोर भिंतीवरून आलाच नाही," ती म्हणाली. "तो फाटकातून आला, तुमच्या-माझ्यासारखा चालत. आल्यावर त्याला कुणी पाहिलं नाही, ही खरी अडचण आहे. पत्रे काढा. भिंत पूर्वीएवढी करा, वर जाळी लावा, आरपार दिसेल अशी."

एकदम गलका झाला. "म्हणजे चोराला घरचं आमंत्रण!" "उद्या म्हणाल दारंही काढा!" सेक्रेटरी कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बाई, पत्रे लावा म्हणून सगळ्यांत जास्त आरडाओरडा तुम्हीच केला होतात."

"केला होता. गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी केला होता. आणि त्यापायी माझी सासू चार हातांवर ओरडत होती तेव्हा मी बाह्या जोडत बसले होते." तिने टाचण्यांची डबी बंद करून बाजूला ठेवली. "मला ते परत व्हायला नकोय. तुमच्या कुणाच्या आईचंही व्हायला नकोय."

लाँड्रीवाल्याला तिने मुद्दाम बोलावून आणलं होतं. तो दाराशी अवघडून उभा होता. त्याने एवढंच सांगितलं, की हाक ऐकू आली, पण बघायला काही नव्हतं, आणि आजींना उचलेपर्यंत आपल्याला वाटत होतं, कोणीतरी मरून पडलंय. शेवटी तडजोड झाली. फाटकाला नीट कडी-कुलूप लावायचं. पत्रे काढायचे, पण विकायचे नाहीत, गच्चीवर रचून ठेवायचे. एक जरी चोरी झाली तरी दुसऱ्या दिवशी परत ठोकायचे. सेक्रेटरींनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना चष्म्यावरून टाचणीबाईकडे पाहिलं.

भिंत उतरली, जाळी लागली. वरच्या बायकांना तिने एकेकीच्या घरी जाऊन गॅलऱ्यांतली प्लास्टिकं सोडायला लावली. ब्लाउज वेळेवर हवा असेल तर टाचणीबाईला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं, हे इथे सांगितलेलं बरं. खरा पेच होता बागवाल्या काकांचा. रिटायर झाल्यापासून माणसाने झुडपांना लेकरांसारखं वाढवलं होतं. कमरेपर्यंत छाटा, असं ऐकताच ते लाल झाले.

"माझ्या झाडांनी काय केलं तुझ्या सासूला?"

"झाडांनी काही नाही केलं, काका. झाडांमागे कोण उभं राहतं ते बघायचंय."

काकांनी दार लावून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. शेवटी काकूच आतून ओरडल्या, "अहो, तिथून तुमची झाडंसुद्धा कुणाला दिसत नाहीत! छाटलीत तर रस्त्यावरचे लोक थांबून बघतील तरी!" हा मुद्दा काकांना पटला. त्यांनी छाटणी स्वतः केली, कुणाला कात्री लावू दिली नाही, आणि आठवडाभर टाचणीबाईशी बोलले नाहीत.

आता राहिला तिचा स्वतःचा पडदा. तो उतरवला त्या दिवशीच एका नवरीची आई कपडे घेऊन आली आणि खिडकी पाहून परत गेली. "आम्ही काय रस्त्यावर उभं राहून मापं द्यायची?" अशी दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं तुटली. टाचणीबाईने मग आतली खोली रिकामी केली. पलंग बाहेर, कपाट बाहेर, आरसा आत. कपडे घालून बघायची सोय आता आत. मशीन खिडकीशी, चाकावर हात आणि डोळे वाटेवर. पलंगासाठी बाहेर जेमतेम जागा होती, म्हणून सासूला दिवसभर बसायला एक खुर्ची खिडकीशी आली. सासू खुर्चीत बसली, पण खिडकीकडे पाठ करून.

"आई, जरा तोंड इकडे करा ना. उजेड येतो."

"मला उजेड नको."

टाचणीबाईने खुर्ची फिरवली नाही. फिरवायची तर त्यांनीच फिरवावी, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

वाट उघडी झाली खरी, पण उघड्या वाटेवर माणसं हवीत. सेक्रेटरींनी कुठूनतरी एक जुना बाक आणून तिथे ठेवला. बाकाचा सुगावा वसाहतीतल्या टोळक्याला पहिला लागला. पोरं सिगारेटी फुंकत बसायला लागली, मोठ्याने हसायला लागली. सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी हजर. "बघा! म्हटलं नव्हतं? बाक उचलतो मी."

"उचलू नका," टाचणीबाई म्हणाली, आणि तुरपाईचे कपडे, हुक, काज, सगळी हातशिलाई टोपलीत भरून दुपारी बाकावर जाऊन बसली. पोरांना म्हणाली, "सरका रे जरा." पोरं सरकली. तिने एकाला सुईत दोरा ओवायला दिला, दुसऱ्याला त्याच्या आईच्या साडीचा फॉल कधी हवाय ते विचारून यायला पाठवलं. आई हा शब्द निघाल्यावर सिगारेट ओढायची मजा जाते. चार दिवसांत टोळकं पुढच्या अंगणात हललं. बाकावर भाजी निवडायला दोघी-तिघी यायला लागल्या, काका कात्री घेऊन घुटमळायला लागले, आणि लाँड्रीवाला जाळीपलीकडून सगळ्यांच्या चौकशा करायला मोकळा झाला.

मग एक दिवस सकाळी एक अनोळखी माणूस जाळीवर चढून आत उतरला आणि एका सायकलचं कुलूप तोडायला बसला. लाँड्रीवाला तिकडून ओरडला, वरच्या गॅलरीतून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं, काका कात्री उगारून धावले. माणूस सायकल सोडून पळाला, चढताना त्याची एक चप्पल आतच राहिली. सेक्रेटरींनी ती चप्पल ऑफिसात ठेवून घेतली. पत्र्यांचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही. उलट कुणी पाहुणा आला की मागची वाट दाखवायला तेच नेत, आणि कल्पना कुणाची, हे सांगायला हटकून विसरत. टाचणीबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला जे हवं होतं ते अजून झालंच नव्हतं.

कारण सासू खुर्चीतून उठत नव्हती. खुर्ची तेवढी हळूहळू फिरली होती. आधी पाठ होती, मग खांदा झाला, मग एका बाजूने बसून ती तिरक्या नजरेने बाहेर बघू लागली. पण बाहेर यायचं म्हटलं की नको. टाचणीबाईने समजावलं, रागावली, एकदा हात धरून दारापर्यंत नेलं. दाराशी सासूने चौकट धरली ती सोडेचना, शेवटी हिनेच तिला मागे आणून बसवलं. "तू खूप केलंस गं," सासू म्हणाली. "भिंत उतरवलीस. माझ्या पोटातलं हे कोण उतरवणार?" आणि नणंदेच्या मुलांची सुट्टी तोंडावर आली होती.

नणंद ठरल्याप्रमाणे आली. जाळी बघून, बाक बघून ती मनापासून खूश झाली. मग आईकडे बघून काय समजायचं ते समजली. सासूने स्वतःच सांगितलं, "मी येते तुझ्याबरोबर. हिला माझं ओझं नको." टाचणीबाईने कपड्यांच्या घड्या घातल्या, औषधं बांधली. बॅग दाराशी ठेवली. संध्याकाळची गाडी होती. सकाळी सासूने मावशीला फोन केला, "जाते गं." पलीकडून मावशीने फोन आपटला.

दुपारी टाचणीबाई मशीनवर बसली होती, उगाच, हातांना काम हवं म्हणून. नणंद पलंगावर पडली होती. सासू खुर्चीत होती. अचानक सासू ताठ झाली.

"ती बघ. ती खाली उतरली. मूर्ख बाई."

टाचणीबाईने पाहिलं. मागच्या इमारतीकडून लबाड मावशी येत होती. हातात काठी, अंगावर घरातलाच गाऊन, एक पाय टाकला की थांबायची, जाळीला धरायची, मग दुसरा. किती वर्षांनी ती जिना उतरली होती, देव जाणे. अर्ध्या वाटेवर, छाटलेल्या झुडपांपाशी, तिचा गुडघा अडला. काठी निसटून पडली. ती दोन्ही हातांनी जाळीला धरून लटकल्यासारखी उभी राहिली. पलीकडे लाँड्रीच्या दारावर दुपारचं कुलूप होतं. बाकावर कुणी नव्हतं.

टाचणीबाई उठलीच होती.

"तू बस," सासू म्हणाली. आणि ती स्वतः उठली, पायांत चपला न घालता दाराबाहेर गेली.

नणंद धडपडत उठली. टाचणीबाईने तिचा दंड धरला. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने सासू कोपऱ्यावरून वाटेत आली. पहिली पावलं भराभर टाकली, आणि मग खिडकीसमोर, जिथे ती पडली होती तिथे, तिचे पाय थांबले. तिने मागे वळून पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. ओठ हलत होते. टाचणीबाईच्या मनात आलं, आता एक शब्द काढला तर त्या माझ्याकडे वळतील, आणि परत आत येतील. तिने नणंदेचा दंड सोडला आणि खिडकीचा गज घट्ट धरला.

"अगं ये ना!" मावशी तिकडून ओरडली. "तिथे काय मुहूर्त बघतेस? मी पडतेय इथे!"

"मग उतरलीस कशाला, अक्कल गहाण ठेवून?"

"तू न भेटता पळणार होतीस म्हणून!"

"ओरडू नकोस, आले!" सासू म्हणाली आणि निघाली. भांडत भांडत ती मावशीपर्यंत पोहोचली, काठी उचलून दिली, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघी एकमेकींना धरून मागच्या इमारतीकडे वळल्या. जिन्यापाशी दिसेनाशा झाल्या तरी दोघींचे आवाज येत होते.

मग बराच वेळ गेला. नणंद घड्याळ बघायची आणि खिडकीबाहेर बघायची. "वहिनी, मी जाऊन आणू का? परत यायला घाबरली असेल."

"नको, ताई. घाबरल्या तर हाक मारतील."

"पण गाडी..."

"ताई, थांबा. तुम्हाला पाया पडून सांगते, थांबा."

उन्हं कलली तेव्हा सासू आली. एकटी. सावकाश, जाळीला बोटं लावत, अनवाणी पाय सांभाळून टाकत. बाकावर आता बायका होत्या, त्यांनी विचारलेल्याला ती काहीतरी उत्तर देत होती. खिडकीसमोर आल्यावर ती थांबली, तिने आत पाहिलं आणि म्हणाली, "कुणीतरी दार उघडा, की बघतच राहणार आहात?"

आत येऊन ती खुर्चीवर बसली, घटाघटा पाणी प्यायली. नणंद तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, गाडीची वेळ झालीय."

"तू आज राहा. सकाळी जा."

"आणि तू?"

सासूने पदराने तोंड पुसलं. "मला उद्या तिकडे जायचंय. तिच्या गुडघ्याला शेक द्यायला हवा, जिना चढताना फार सुजलाय. भीती गेली असं समजू नका. पण जाईन."

नणंद उठली आणि तिने दाराशी ठेवलेली बॅग आत नेऊन ठेवली. टाचणीबाई मशीनवर डोकं टेकवून रडायला लागली, हुंदके देत, लहान पोरीसारखी. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. दुकान नुकतंच उघडलेला लाँड्रीवाला इस्त्री हातात तशीच धरून थांबला. खिडकी सताड उघडी होती, सगळ्यांना सगळं दिसत होतं, आणि तिला कुणापासून काही लपवावंसं वाटलं नाही.